टिंकरचा रोल

विराबिला या आडगावाच्या एकुलत्या एक रस्त्यावर पोस्ट, पब आणि चर्चचं जुन्या वस्तूंचं दुकान एवढंच काय ते उघडं असतं. कॅरव्हॅन उभी राहिली की डोरीन पाइकचे पाय आधी अशा दुकानाकडे वळत. तिचा नवरा रेग म्हणायचा, बाकीच्या बायका प्रवासात चहाचे चमचे गोळा करतात, ही लोखंड गोळा करते. कॅरव्हॅनच्या मागच्या कप्प्यात रोलचे जुने कॅमेरे होते खरे, पण ते तिथे फार दिवस टिकत नसत. वाटेत एखादं चौकस पोर भेटलं की डोरीन त्याला शिकवायला बसायची, आणि पोर शिकलं की कॅमेरा त्याच्याकडेच राहायचा. बॅलरॅटच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण सवय निवृत्त झाली नव्हती.

त्या दिवशी भजनांच्या पुस्तकांच्या ढिगामागे तिला एक कॅमेरा सापडला. तिने तो कानाशी धरला, खटका दाबून पाहिला, मंद वेगावर आणि जलद वेगावर. आवाज स्वच्छ होता. उजेड मोजायची सुई मेली होती, पण विराबिलाचं ऊन इतकं ठाम असतं की ते मोजायची गरजच पडत नाही. दुकानातल्या बाईने सांगितलं की डॉक्टरांच्या घरून अख्खं खोकं आलं होतं, त्यात एक काळा गोल डबाही होता, पण तो सकाळीच गुरं हाकणाऱ्या अल्बी ट्रँटरच्या मुलीने नेला. चहाची पत्ती ठेवायला.

डोरीनला हसू आलं. तो रोल धुण्याचा डबा असणार.

गावाबाहेर गुरांच्या वाटेवर अल्बीचा तळ पडला होता. महिनोन्महिने गुरं चारत चारत उत्तरेकडे न्यायची, हा त्याचा धंदा. त्याची मुलगी मेरिन ट्रकच्या पायरीवर बसून त्या डब्याकडे रागाने बघत होती.

"झाकणाला मधोमध भोक आहे," डोरीनने विचारायच्या आधीच ती म्हणाली. "असला कसला मूर्ख डबा?"

डोरीन तिच्याशेजारी बसली. झाकण फिरवून तिने दाखवलं की त्या भोकातून पाणी आत जातं, पण वाट अशी वाकडी केलेली आहे की उजेड जात नाही. मेरिनने बोट घालून पाहिलं, डोळा लावून पाहिला.

"उजेड कुणाला नको असतो?"

"फिल्मला. फोटो काढताना क्षणभर मिळाला की पुरे. त्यानंतर धुवून होईपर्यंत अंधार."

मेरिनने झाकण पुन्हा बसवलं. मग तिने विचारलं की या सगळ्यातून घोड्याचा फोटो निघेल का.

घोडा तळाच्या कडेला सावलीत उभा होता. पांढराशुभ्र, पाठ खचलेली, खालचा ओठ लोंबलेला. टिंकर त्याचं नाव. मेरिन चालायच्या आधी त्याच्याच पाठीवर बसायला शिकली होती. आता त्याला गुरांमागे दिवसभर चालवत नव्हतं, म्हणून तो मेरिनच्या आत्याकडे, डोंगरापलीकडच्या हिरव्या गवतात जाणार होता. त्याला न्यायला दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होता. त्यानंतर तळही हलायचा, टिंकर पूर्वेला आणि मेरिन उत्तरेला. म्हातारा घोडा, लांबचा रस्ता. पुन्हा भेट होईल असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं.

डोरीनने कॅरव्हॅनच्या फ्रिजमधून रोल आणला. मुदत संपून गेलेला, पण थंडाव्यात जपलेला. रोल कसा भरायचा, पट्टी दातऱ्यांत नीट बसली की रोल पुढे सरकवायचा दांडा ओढताना डावीकडची मूठ कशी आपोआप फिरते, ती फिरली नाही तर आपण नुसतेच हवेचे फोटो काढत बसतो, हे तिने सांगितलं आणि मग हात मागे घेतले. "आधी त्याच्याकडे बघ. कॅमेऱ्यातून नाही, नुसतं बघ. मग श्वास सोड आणि दाब." एवढं सांगून ती चहा प्यायला अल्बीच्या चुलीपाशी जाऊन बसली. मुलांच्या मागे उभं राहिलं की मुलं आपल्यासाठी फोटो काढतात, हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत मेरिनने रोल संपवला. टिंकरचे कान, टिंकरचे खूर, टिंकर पाणी पिताना, टिंकर काहीच न करताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅरव्हॅन पार्कच्या धुणीघरात दोघी रोल धुवायला बसल्या. विराबिलाचं पाणी जमिनीच्या पोटातून येतं, चहा करावा इतकं कढत, आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. निळ्या नळाला तेच पाणी सरळ येतं. लाल नळाचं पाणी आधी टाकीत साठतं आणि तिथला हीटर कुणी लावतच नाही, म्हणून थंड पाणी हवं तर लाल नळ सोडायचा. रेगने पहिल्याच दिवशी निळा नळ सोडून हात भाजून घेतला होता आणि मग साऱ्या पार्कला ऐकू जाईल असं भाषण केलं होतं. रोलसाठी डोरीनने पावसाच्या टाकीतलं पाणी मागून आणलं, पबमधला बर्फ घालून ते थंड केलं. मेरिन डबा उलटासुलटा करत होती, घड्याळाकडे बघत होती, ओठ आवळून. एक औषध झालं, दुसरंही झालं. आता फक्त खळबळून घ्यायचं राहिलं होतं, त्याला लाल नळाचं पाणी चालणार होतं.

तेवढ्यात तळाच्या बाजूने हॉर्न ऐकू आला. ट्रक वेळेआधीच आला होता.

"जा," डोरीन म्हणाली. "त्याच्याजवळ थांब. मी एवढं आटपून आणते."

मेरिन पळाली. डोरीनने डब्यातलं औषध ओतून टाकलं, आणि जन्मभर जसा निळा नळ सोडत आली तसा सोडला. पाणी डब्यात पडलं. वाफ तिच्या चष्म्यावर आली तेव्हा तिला कळलं.

तिने पाणी लगेच ओतून दिलं, डबा उघडला, फिल्म उलगडून खिडकीशी धरली. चित्रं होती. पण साऱ्या फिल्मवर बारीक भेगांचं जाळं पसरलं होतं, आटलेल्या तळ्याच्या गाळावर पसरतं तसं. जुनी फिल्म, थंडातून एकदम कढतात गेलेली. यावर काही इलाज नव्हता.

धुणीघरात दुसरं कुणी नव्हतं. रोल जुनाच होता, असं सांगून भागलं असतं, आणि मेरिनला ते खरंही वाटलं असतं. पण ट्रक अजून उभा होता. आत्ता सांगितलं तर मुलीच्या हातात काहीतरी करायला वेळ उरत होता. डोरीन ओली फिल्म हातात धरून, गुडघ्यांची पर्वा न करता, तळाकडे निघाली.

अल्बी ट्रकला घोडा चढवायची फळी लावत होता. ट्रकवाला चहाचा पेला घेऊन सावलीत बसला होता, त्याला कसलीच घाई दिसत नव्हती. डोरीनने मेरिनसमोर उभं राहून सरळ सांगितलं. "मी चुकीचा नळ सोडला. चूक माझी, तुझी नाही. तुझं सगळं बरोबर होतं."

मेरिनचा चेहरा उतरला. "तो गेला का त्यातून?"

"नाही. आहे. पण भेगा पडल्यात. शहरात यावरून फोटो काढून मिळतील, पण भेगा त्यातही दिसतील."

मेरिनने फिल्म कडांना धरून आभाळाकडे केली, आदल्या दिवशी शिकली होती तशी. बराच वेळ ती एकेक चौकट बघत होती. डोरीन फिल्मचं लोंबतं टोक मातीला लागू नये म्हणून धरून राहिली. समजूत घालायची घाई केली की ती आपलीच समजूत असते.

"हा काळा दिसतोय," मेरिन शेवटी म्हणाली. "पायाच्या खुरापर्यंत काळा."

निगेटिव्हवर पांढरं ते काळं दिसतं हे डोरीन सांगणार, तोच अल्बी फळी सोडून मुलीच्या मागे येऊन उभा राहिला. हॅट मागे सारून त्यानेही वर पाहिलं.

"अरे," तो म्हणाला, "हा तर तेव्हाचा टिंकर."

"कधीचा?"

"जन्मला तेव्हाचा. असाच होता, काळाकुट्ट. अशा घोड्यांचं तसंच असतं, वर्षागणिक पांढरे होत जातात. मी त्याला पहिलं खोगीर घातलं तेव्हा तू नव्हतीस." त्याने हनुवटी खाजवली. "तेव्हाचा फोटो नाही आपल्याकडे. कॅमेरा कुणाकडे होता?"

मेरिनने बापाकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं, पुन्हा फिल्मकडे पाहिलं. भेगांवरून तिची नजर आता अडखळत नव्हती. एका चौकटीपाशी ती जास्त वेळ थांबली आणि म्हणाली की यात सगळीकडे टिंकरच आहे.

"मग? तुला दुसरं कोण हवं होतं, पोस्टमास्तर?" अल्बी म्हणाला.

"मी नाहीये ना, बाबा. एकातही." ती डोरीनकडे वळली. "पाइकबाई, अजून एक रोल आहे का?"

होता. रेगला हाक मारावी लागली, तो फ्रिजमधून रोल घेऊन आला आणि येताना ट्रकवाल्यासाठी बिस्किटंही घेऊन आला, म्हणजे त्याने दुसरा पेला घ्यावा. मेरिनने स्वतः रोल भरला, दांडा ओढला, डावीकडची मूठ फिरते की नाही ते नाक लावून पाहिलं. मग तिने कॅमेरा बापाच्या हातात दिला.

अल्बीने तो अंडं धरावं तसा धरला. "अगं, बाईंना दे. त्यांना येतं. माझी बोटं बघ, एका वेळी दोन बटणं दाबतील."

"बाईंना नको. तू काढ."

डोरीन दोन पावलं मागे सरली. मेरिन टिंकरच्या मानेशी जाऊन उभी राहिली, एक हात आयाळीत. घोड्याने तिच्या खिशाशी तोंड नेलं आणि तिथे काही नाही असं कळल्यावरही तोंड तिथेच ठेवलं.

"आधी आमच्याकडे बघ, बाबा," ती म्हणाली. "कॅमेऱ्यातून नाही. नुसतं बघ."

अल्बीने कॅमेरा खाली केला आणि पाहिलं. त्याला जरा वेळ लागला. ट्रकवाल्याने बिस्किट खाणं थांबवलं.

"पाहिलं," अल्बी म्हणाला.

"आता श्वास सोड. आणि मग दाब."

त्याने कॅमेरा डोळ्याशी नेला. बाजूला उभ्या डोरीनला स्पष्ट दिसलं की त्याचं जाडजूड बोट भिंगाच्या निम्म्यावर आलंय. ती तोंड उघडणारच होती.

"बोट काढ," मेरिन शांतपणे म्हणाली.

डोरीनने तोंड मिटलं. इथे आता तिचं काही काम नव्हतं. रेगला पावसाचं पाणी आणायला धाडून ती स्वतः बर्फासाठी पबच्या दिशेने चालू लागली.