एकोणिसावी मात्रा

सलिलला काय विचारावं हे लोकांनाच विचारायची कल्पना शुभंकरची. हा शुभंकर दिवसभर हिंजवडीत कोड लिहितो आणि उरलेल्या वेळात मेटल संगीताची वेबसाइट चालवतो. त्यानं ऑर्कुटवर टाकलं, ''कातळ'च्या सलिलची जाहीर मुलाखत घेतोय, प्रश्न सुचवा.' झालं! पुण्यात कुणाला 'तुमचं मत सांगा' म्हटलं की काय होतं, ते मी सांगायला नको.

'कातळ' हा आमचा बँड. गिटार आणि गाणं माझा मोठा भाऊ सलिल, ड्रम्स मी, म्हणजे धाकटी बहीण कादंबरी. बाकी दोघं येतात-जातात. आमचं मेटल साध्या चाराच्या ठेक्यात बसत नाही. गाणी लांबलचक, आणि ताल असे की ऐकणाऱ्याला मोजत बसावं लागतं. आमचे चाहतेही तसलेच. इतर गावांत लोक मेटल ऐकताना केस उडवतात. आमचे लोक मांडीवर टाळी-खाली धरतात आणि आम्ही कुठे चुकतो याची वाट बघतात.

प्रश्न निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते. केसांना कुठलं तेल लावता, शेजारी पोलिसांकडे गेले होते का, एवढं ओरडून घसा बसत नाही का, मराठीत मेटल करण्यापेक्षा भावगीतं का करत नाही. वाचताना हसून पुरेवाट झाली. आणि मग वैजनाथ नावाच्या मुलाचा प्रश्न आला.

'हडपसरच्या कार्यक्रमात 'खाणीतलं पाणी' या गाण्याच्या शेवटच्या आवर्तनात एक मात्रा कमी होती. एकोणीसच्या जागी अठरा. ही कल्पना कशी सुचली?'

मी तो प्रश्न पुन्हा वाचला. ती कल्पना नव्हती, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मी धरून चालले होते.

का घाबरले ते सांगते. आमचे बाबा, अनंतराव, बँकेत नोकरी आणि घरी तबल्याचा क्लास. पन्नाशीही गाठली नव्हती, तेव्हा एका मैफलीत ते समेवर एक मात्रा आधी आले. आले आणि प्रसन्न हसले, कारण त्यांच्या हिशेबी ते बरोबर होते. गाणाऱ्या बाईंनी सांभाळून घेतलं. त्यानंतर बाबांचं एकेक सुटत गेलं: भाजीची पिशवी, घराचा पत्ता, आईचं नाव. आता धायरीच्या फ्लॅटमध्ये ते माझ्याकडे बघून अदबीनं विचारतात, 'आपण कोणाकडे आलात?' डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, हे रक्तातून येऊ शकतं, आणि मुलांमध्ये लवकरही सुरू होऊ शकतं.

त्या दिवसापासून मी सलिलवर नजर ठेवून होते. हडपसरला शेवटच्या आवर्तनात गिटार आणि ड्रम्स क्षणभर एकमेकांवर आदळले, मग जुळले. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो माझ्याकडेच बघत होता, चेहरा पांढराफटक. चुकलेल्या माणसाचाच चेहरा पडतो, नाही का?

मी तो प्रश्न काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सलिल मला घ्यायला आला. हल्ली मला न्यायला-आणायला तोच येतो. पेट्रोल वाचतं म्हणतो, पण मला वाटायचं, एकट्यानं रस्त्यावर जायला घाबरत असणार बिचारा.

'तो मात्रेचा प्रश्न काढलास ना?' त्यानं गाडी सुरू करता करता विचारलं.

'काढला.'

'बरं केलंस. उगाच कशाला.' मग थोड्या वेळानं, 'कादे, तुझं डोकं वगैरे दुखत नाही ना? एकदा दोघंही डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?'

म्हणजे त्याला कळलं होतं. एकट्यानं जायचा धीर होत नाही म्हणून मला बरोबर ओढतोय, हेही माझ्या लक्षात आलं. मला रडू येत होतं, म्हणून मी फणकारले, 'मला काय धाड भरलीय? तुला जायचंय तर चल, मी येते सोबतीला.' मला माझ्या भावाची इतकी काळजी वाटत होती, की त्याच्याकडे नीट बघवेना.

मुलाखत रविवारी दुपारी, कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला एका छोट्या सभागृहात होती. सतरंजीवर काळे टी-शर्ट दाटीवाटीनं बसलेले. शुभंकर मी निवडलेले प्रश्न विचारत होता, सलिल मजेत उत्तरं देत होता. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून एकेका वाक्याचा शेवट होईपर्यंत श्वास धरून होते. शब्द अडकला, नाव आठवलं नाही, तर? तसं काही झालं नाही. मला वाटलं, निभावलं.

मग मागून एक काटकुळा मुलगा उठला. 'सर, मी वैजनाथ. नांदेडचा आहे, हडपसरला कंपनीत आहे. माझा प्रश्न घेतलाच नाही की तुम्ही.'

'वेळ संपत आलीय,' मी म्हटलं.

'दोनच मिनिटं, ताई. त्या अठरा मात्रांचं सांगा की, सर. आमच्या रूमवर भांडणं चालू आहेत त्याच्यावरून. मी म्हणायलो मुद्दाम केलंय, बाकीचे म्हणायलेत चुकलंय.'

सभागृह एकदम जागं झालं. चूक म्हटल्यावर पुण्यातला कुठलाही श्रोता ताठ बसतो.

'मुद्दामच होतं,' सलिल पटकन म्हणाला. 'माझीच कल्पना.'

'मग ताई, तुम्ही ते कसं मोजता? सात, सात आणि चार का? एकदा हातावर दाखवा ना.'

'तिला नको,' सलिलचा आवाज चढला. 'मुलाखत माझी आहे. पुढचा प्रश्न घ्या.'

त्याचा हात माझ्या मनगटावर आला. ओला, गार हात. तो किती घाबरलाय ते मला त्या हातातून कळलं, आणि मी ठरवलं, आता याला मीच सोडवायचं. मूळ ताल नीट एकोणीसचा करून दाखवायचा, आणि म्हणायचं, बाबा रे, हडपसरला कमी केली, एरवी ताल हा असा. विषय संपला. बाबांनी आम्हाला लहानपणापासून हातावर ताल धरायला लावलेला. झोपेतून उठवलं तरी मी चुकणार नाही.

मी हात सोडवून घेतला. 'हे बघा, मूळ ताल,' म्हटलं, आणि प्रत्येक मात्रेला खणखणीत टाळी देत आवर्तन सुरू केलं. मनात आकडे, हातात टाळी. वैजनाथ बोटांच्या पेरांवर मोजत होता. त्याच्या मागची पोरंही पेरांवर मोजत होती. सात, सात, पाच. समेवर आले आणि थांबले. झकास जमलं होतं.

'अठरा!' वैजनाथ उडालाच. 'बघा बे, अठराच! मूळ तालच बदललाय ह्यांनी. मी म्हणलो होतो ना?'

'अठराच भरल्या,' पुढचा एक चष्मेवाला म्हणाला. 'मीही मोजल्या.'

टाळ्या पडल्या. कुणी शिट्टी मारली. मी हसले, कारण मला वाटलं या सगळ्यांचं मोजणं चुकलंय. एवढे जण एकदम कसे चुकतील, हे पुढच्याच क्षणी डोक्यात आलं, आणि मी सलिलकडे वळले. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. सलिल वाजवत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, हडपसरला बघत होता तसाच, आणि त्याचे डोळे भरले होते.

मी हात मांडीवर घेतला आणि पुन्हा मोजायला लागले, हळूहळू, एकेक.

'कादे, थांब,' सलिल म्हणाला. 'राहू दे गं आता.'

मी थांबले नाही. पुन्हा मोजलं, आणि पुन्हा. दर वेळी माझ्या एकोणीसच भरत होत्या.