फुलानचे काका

बीजिंगहून चांगशाला निघालेल्या गाडीत एक गोरा पाहुणा शेजारी येऊन बसला आणि तान दहुआच्या कपाळावर आठी पडली.

"बघ, भर थंडीत गार पाणी ढोसतोय," थर्मासमधलं कढत पाणी फुरकत तो बायकोला म्हणाला. "जग पालथं घालतात, पण पोट सांभाळायची अक्कल नाही."

"अहो, हळू! ऐकेल तो."

"ऐकून कळणार काय, कपाळ? चार शब्द घोकतात आणि निघतात आमची भाषा बोलायला!"

तेवढ्यात पाहुणा वळला. शाळकरी पोरासारखं एकेक अक्षर सुटं करत त्याने विचारलं, "काका, आपण कुठले?"

तानने छाती काढली. गाव हुनान प्रांतातलं. पण तिकडच्या जिभेवर 'ह'चा 'फ' होतो आणि 'न'चा 'ल', त्याला तो बिचारा काय करणार!

"फुलान!" तो ठणकावून म्हणाला.

पाहुण्याने कान टवकारले. "फनलान?" चिनीत फनलान म्हणजे फिनलंड.

"हो, तेच! बहिरा आहेस का?" तान खेकसला आणि बायकोकडे वळला. "ठोंब्या आहे नुसता. साधा शब्द कळत नाही."

पुढच्या रांगेतल्या बीजिंगच्या बायका तोंडाला रुमाल लावून खुसखुसायला लागल्या.

पाहुण्याचा चेहरा मात्र कळवळ्याने मऊ झाला. त्याने तानच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणजे तुम्हीही परदेशीच! नाउमेद होऊ नका, काका. सरावाने येते ही भाषा."