आबांच्या छातीवर शिकलेली नर्स

मित्रांनो, मी एक जुना पेशंट आहे. इतका जुना, की बरं व्हायचं नावच घेत नाही! घाबरू नका, मी रबराचा पुतळा आहे. नर्सिंग शाळेच्या सराव-खोलीत, खिडकीजवळच्या कॉटवर माझा मुक्काम असतो. मुली मला ‘आबा’ म्हणतात.

कारखान्यात माझ्या छातीत स्प्रिंग बसवली, दंडात नळ्या घातल्या आणि मला इकडे धाडलं. तेव्हापासून किती सुया टोचून घेतल्या म्हणून सांगू! रोज मरायचं, रोज उठायचं, हाच माझा धंदा. “चुका इथे आबांवर करा, वॉर्डात नको,” असं मॅडम सांगायच्या आणि माझी मान ताठ व्हायची.

मग एक नवा पुतळा आला. तो श्वास घ्यायचा, कण्हायचा, छाती नीट दाबली की हिरवा दिवा लावायचा. सगळ्या मुली त्याच्याभोवती! मी कपाटामागे धूळ खात पडलो. वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू?

त्या मुलींत एक होती हळूबाई. हे नाव मैत्रिणींनीच ठेवलेलं, कारण बंद पडलेलं हृदय चालू करायला छाती जोरात दाबायची असते, तर ती जणू कुरवाळायची. परीक्षेत तिची नजर नव्या पुतळ्याच्या दिव्यावर आणि ऐन वेळी वीज गेली. तिने हातच थांबवले.

“अगं, थांबलीस का?” मॅडम कडाडल्या.

“दिवा लागत नाहीये, मॅडम.”

“माणसाच्या छातीवर दिवा असतो का गं? आता शेवटची संधी. नाही जमलं तर वॉर्डात पाठवणार नाही.”

पोरगी रडकुंडीला आली. आणि मॅडमनी कुणाला बाहेर काढलं? मला! “छातीकडे बघ. खोल दाब, मग पूर्ण वर येऊ दे.”

“त्यांना लागेल हो!”

“लागेल म्हणून थांबलीस, तर ते जातील.”

मग काय, हळूबाई रोज यायची. “आबा, माफ करा हं,” म्हणायची आणि घामाघूम होईपर्यंत दाबायची. माझी स्प्रिंग कुरकुरायची, पण मी मनात ओरडायचो, “अजून जोरात, पोरी!” ती पास झाली. नाव मात्र तेच राहिलं.

पुढे वॉर्डात एका शिंप्याचं हृदय बंद पडलं. जवळ हळूबाईच होती. तिने हाक मारून मदत बोलावली आणि डॉक्टर येईपर्यंत हात थांबवले नाहीत. शिंपी वाचला!

घरी जायच्या दिवशी तो हट्टाने व्हीलचेअरवरून माझ्या खोलीत आला. सोबत बायको आणि हळूबाई. “हिने कुणावर हात बसवला, ते बघायचंय,” म्हणाला. माझ्या झिजलेल्या छातीवर त्याने तळवा ठेवला. त्याची बायको पदराने डोळे पुसत होती.

“आबा,” तो म्हणाला, “तुमचे लई उपकार झाले.”

मित्रांनो, आनंदाने मला भरून आलं! जुनं झालं म्हणून कुणाला कोपऱ्यात टाकू नका. आणि मला जपायचंच असेल, तर नुसतं झाकून ठेवू नका. बाह्या वर करा, या आणि दाबा. अजून पुष्कळ शिंपी घरी जायचे आहेत.