रडणारी भिंत आणि न्हाणीघराची किल्ली

घाना देशातल्या अक्रा शहराच्या त्या गल्लीत रोज सकाळी अशी झुंबड उडायची की बकऱ्यांनीसुद्धा आपला रस्ता बदलला होता. कारण आताआ क्वार्टेलायच्या घरातली एक भिंत रडत होती.

आताआ म्हणजे बाबा. घरमालकाला सगळे भाडेकरू तसंच म्हणायचे. अंगणाभोवती खोल्या, आणि कोपऱ्यातल्या खोलीच्या मागच्या भिंतीवर एक काळाकुट्ट डाग. डागाला दाढी होती. कुणी म्हणे हा बायबलातला मोशे, कुणी म्हणे बाप्तिस्मा देणारा योहान. शेजारची मासेवाली लामिले आंटी म्हणे, "माझा पहिला नवरा आहे. रडतोय तेच बरं." पण सकाळ-संध्याकाळ त्या दाढीतून थेंब ओघळायचे, हे खरं. त्या थेंबांनी एका टकलूला एवढे केस आले म्हणतात की बायकोने न ओळखता त्याला दारातूनच परतवून लावलं. बंदरावरचा एक लंगडा तर बरा होऊन असा पळत सुटला की अजून थांबलेला नाही.

पांढऱ्या झग्यातला प्रॉफेट ओबादाया दाराशी उभा राहून गर्जायचा, "अंघोळ करून आलात का? मळक्या अंगाला हा चेहरा रडत नाही! आधी अंग, मग आत्मा! पाण्याची कंजुषी नको, बादलीवर बादली ओता. हालेलुया!"

लोक अंगणातल्या सामायिक न्हाणीघरापुढे रांग लावत, साबणाच्या वासात घमघमत येत आणि कापसाच्या बोळ्यांनी भिंत टिपून डोळ्यांना लावत.

खोली होती आयोर्कोरची. ती सरकारी शाळेत शिकवायची. तिची पोर, अफोले, त्याच भिंतीच्या कडेला झोपायची. झोपायची कसली! छातीत नुसती शिट्टी वाजायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "ही बुरशी आहे. ती भिंतीवर आहे तोवर माझं औषध वाया जाणार." खोली सोडावी तर दोन वर्षांचं भाडं आताआने आधीच घेऊन ठेवलेलं.

आयोर्कोर आताआकडे गेली नाही असा महिना नव्हता. भांडून भांडून तिचा आवाज असा झाला होता की तक्रारसुद्धा हजेरी घेतल्यासारखी यायची.

"आताआ, गिलावा काढा. ओल कुठून येते बघा."

पूर्वी तो म्हणायचा, "पाऊस संपू दे." पाऊस संपला की म्हणायचा, "पाऊस येऊ दे, म्हणजे कळेल." आता त्याला मोठंच निमित्त सापडलं होतं.

"मॅडम, देवमाणसाच्या तोंडाला सिमेंट फासू? मला नरकात जायचं नाहीये."

"पोरगी गुदमरतेय माझी."

"मग चोळा ना ते पाणी तिच्या छातीला! लोक रांगा लावतात, तुमच्या तर उशाशीच आहे. नशीब लागतं!"

एका शनिवारी सगळं घर काळे-तांबडे कपडे घालून परगावी कुणाच्या तरी अंत्यविधीला गेलं; भिंतीचं दर्शनही बंद होतं. पोरीला ताप होता म्हणून आयोर्कोर मागे राहिली. संध्याकाळ झाली, आणि भिंत कोरडी ठणठणीत!

दुसऱ्या दिवशी प्रॉफेट म्हणाला, "चेहराही शोकात होता."

"शोकात माणूस रडतं की रडायचं थांबतं?" लामिले आंटी पुटपुटली.

आयोर्कोर मात्र विचारात पडली. काल संध्याकाळी घरात काय झालं नव्हतं? कुणी अंघोळ केली नव्हती. या शहरात माणूस एक वेळ उपाशी राहील, पण संध्याकाळची दुसरी अंघोळ चुकवणार नाही. आणि त्या भिंतीच्या पलीकडे काय होतं? न्हाणीघर.

न्हाणीघर बंद करावं, तर प्रॉफेट म्हणणार, लोक मळके आले म्हणून चेहरा रुसला. म्हणजे लोक न्हायलेले हवेत, पण पाणी इथे पडता कामा नये. न्हाणीघर घासायची तिची पाळी आली, त्या दिवशी तिने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"आज कोपऱ्यावरच्या सार्वजनिक न्हाणीघरात जा सगळे."

"मॅडमना आज काय झालंय?" लोक कुरकुरले, पण गेले. लखलखीत होऊन परतले, भिंतीपुढे गुडघे टेकले. एक भजन झालं, दुसरं झालं. थेंब नाही.

"कुणाच्या तरी मनात मळ आहे!" प्रॉफेट कडाडला. जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला.

"मनातला मळ नंतर बघू," आयोर्कोर म्हणाली. तिने लामिले आंटीच्या हातात किल्ली ठेवली. "आंटी, तुमचं मासे धुतलेलं पाणी आहे ना? सगळं आत नेऊन ओता. तुम्ही गात राहा हो, प्रॉफेट."

प्रॉफेट गात राहिला. गळा बसायला आला तेव्हा भिंतीवरच्या दाढीला घाम फुटला. एका शिंप्याने घाईने बोळा डोळ्यांना लावला आणि नाक मुरडलं. "हा... मासळीचा वास?"

प्रॉफेट क्षणभरच अडखळला. "प्रभूचे शिष्य कोळीच होते, बंधूंनो!"

"आमेन!" अर्धी खोली म्हणाली.

"आमेन काय, आमेन?" लामिले आंटी रिकामी बादली घेऊन दारात उभी होती. "माझे बांगडे धुतलेलं पाणी आहे ते! मघाशी मीच ओतलंय. तेही अंघोळ न करता!"



"न्हाणीघराच्या फरशीखालचा पाइप फुटलाय," आयोर्कोर म्हणाली. "भिंतीच्या ठोकळ्यांत सिमेंट कमी आणि वाळूच जास्त. सांडपाणी मुरत मुरत इकडे उतरतं. तुम्ही जितकं न्हाल तितकी ही रडणार, म्हणून तर प्रॉफेट बादल्यांवर बादल्या ओतायला सांगतो. आणि तो मोशे म्हणजे ओलीवर वाढलेली बुरशी. तीच माझ्या पोरीच्या छातीत जातेय."

"म्हणजे इतके दिवस मी डोळ्यांत घालत होतो ते..." शिंप्याने बोळा लांब फेकला.

"आमच्या सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी, भाऊ. बरं वाटलं का डोळ्यांना?" लामिले आंटीने विचारलं.

प्रॉफेटचा झगा दाराच्या खिळ्यात अडकला. झगा मागे राहिला, प्रॉफेट पुढे गेला.

"आताआ, पाइपचं तुम्हाला ठाऊक होतं?" आयोर्कोरने गर्दीत मागे उभ्या घरमालकाला विचारलं.

आताआ छताकडे बघू लागला. "पाऊस संपू दे, मग..."

मघाशी गुडघे टेकणारी माणसं आता त्याचं दार अडवून उभी होती. पाऊस संपायची वाट न बघता गवंडी आला. त्याने फरशी उचकटली. पाइपचे दोन तुकडे चिखलात पडले होते. सगळ्यांनी वाकून पाहिले.

गादी अंगणात काढली होती. तिच्यावर आयोर्कोर पोरीला मांडीवर घेऊन बसली. एका म्हातारीने हळूच विचारलं, "मॅडम, तुमचा देवावर विश्वास नाही का?"

"प्रार्थनेशी माझं भांडण नाही, आजी. पण भिंत ओली दिसली तर हात जोडण्याआधी पलीकडे जाऊन बघा, पाणी कुठून येतंय. घरमालकच चमत्कार म्हणायला लागला तर दोनदा बघा. पाइप जोडायचं काम गवंड्याचं. ते देवावर ढकललं, तर देव काही बोलत नाही. पोरं मात्र खोकत राहतात."

आत छिन्नीचे घाव पडू लागले. अफोलेच्या छातीतली शिट्टी अजून वाजतच होती; ती काही एका दिवसात जाणार नव्हती. लामिले आंटीने पोरीला उचललं. "चल माझ्याकडे, ही धूळ नको." आयोर्कोर मागोमाग गेली आणि मासळीच्या टोपल्यांना टेकून, भरदिवसा, बसल्या बसल्या झोपून गेली.