पाणी ओतण्याआधी

मित्रांनो, माझं काम ऐकलं की तुम्ही आधी हसाल आणि मग नाक मुरडाल. खुशाल मुरडा. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि या घरात मला टमरेल म्हणतात. संडासाला जाताना पाणी न्यायचं, एवढंच माझं काम. पण मला आज जे सांगायचं आहे ते हसण्यासारखं नाही. मी फार घाबरलेला आहे.

जन्माने मी सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचा डबा. सुरतेला डिंडोलीत दगाच्या घरी मी तेल भरून आलो. तेल संपल्यावर दगाने माझं तोंड कापून घेतलं, कडा हातोडीने आत वळवल्या, बाजूला पत्र्याची मूठ डाख देऊन बसवून घेतली आणि अंगाला हिरवा रंग दिला. "हे बघ, आता हे तुझ्या नातवंडांना पुरेल," तो बायकोला म्हणाला होता. मालतीबाई हसल्या होत्या. तेव्हा त्यांचा मुलगा धर्मेंद्र शाळेत जायचा. आता त्याचं लग्न झालं आहे, त्याची बायको योगिता या घरात नांदते, आणि त्यांची लहान लेक भिंत धरून चालते. दगा बोलला ते खरं झालं.

दगा खान्देशातून आलेला. लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, तो साड्यांचं कापड विणतो. त्याचा धाकटा भाऊ हिलाल शेजारच्याच खोलीत राहतो, त्याच खात्यात कामाला जातो. दोन्ही घरांना मिळून एकच संडास. मी त्याच्या दाराशी, पाण्याच्या पिंपाशेजारी ओट्यावर बसतो. तिथून दगाच्या घरातली जेवणाची पंगत मला दिसते आणि सगळं ऐकू येतं.

मधे घरात एक लाल प्लॅस्टिकचा मग आला. सगळे तो वापरू लागले आणि मला गंज चढायला लागला. "टाका ना आता ते भंगारात," असं मालतीबाई कितीदा म्हणाल्या. पण दगाने मला टाकलं नाही. "त्या मगात काय मावतं? चिमणीचं पाणी," तो म्हणायचा. तेव्हापासून मी फक्त दगाचा झालो.

म्हणूनच ते पहिल्यांदा मला दिसलं.

सकाळची वेळ होती. दगा उठला, खाली बघितलं, आणि तसाच थांबला. खाली रक्त होतं. त्याची मूठ माझ्या मुठीवर आवळली. मग त्याने माझ्यातलं सगळं पाणी एकदम ओतलं. बाहेर येऊन मला पुन्हा भरलं, पुन्हा आत गेला, पुन्हा ओतलं. फरशी स्वच्छ झाली. दगा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा रोजच्यासारखा होता.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते फक्त पाणी भरायला. मी ओरडू शकलो नाही.

मग ते पुन्हा पुन्हा होऊ लागलं. कधी लाल, कधी काळपट. दगाला दिवसातून कितीदा तरी जावं लागे, आणि जाऊन आला तरी पोट मोकळं झाल्यासारखं वाटत नसे. खात्यातले लोक त्याची थट्टा करत. हिलाल घरी येऊन त्यांची नक्कल करी. "आज तो बिहारी मुकादम म्हणे, दगाभाऊ, संडासमें ही खाट डाल दो!"

सगळे हसले. दगासुद्धा हसला. पण त्या रात्री त्याने हिलालला ओट्यावर बोलावून हळूच सांगितलं, "थोडं रक्त जाई राहिनं, भाऊ. कोणले सांगजो नको."

"हात्तिच्या! मूळव्याध शे ती," हिलाल म्हणाला. "खान्देशी माणूस अन् मिरचीचा ठेचा. आग पडणारच ना. गावाकडे एक जण घोड्याच्या नालेची अंगठी करून देतो. घाल बोटात, सगळं बसून जाईल."

हिलाल वाईट नव्हता. भावावर त्याचा जीव होता. तो खरंच गावाला गेला आणि अंगठी घेऊन आला. दगाने ती घातली. मालतीबाईंना अंगठीचं कारण 'उष्णता' एवढंच सांगितलं. त्यांनी घरात ठेचा करणंच बंद केलं. शेवभाजी फिकी झाली. आणि काय सांगू, रक्त थांबलं! हिलालने छाती पुढे काढून सगळ्या चाळीला अंगठी दाखवली. मीही भोळाच. मला वाटलं, सुटलो.

काही दिवसांनी ते परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त. आता दगा कुणालाच काही बोलला नाही. हिलाललाही नाही. त्याने अंगठीवर इतका भरवसा ठेवला होता की अंगठी हरली हे सांगायची त्याला लाज वाटली असेल. तो फक्त माझ्यातलं पाणी ओतत राहिला. त्याचे गाल बसले. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवं भोक पाडलं. मी त्याच्या हातातून रोज आत जायचो आणि रोज मला वाटायचं, आज तरी कुणी दार ठोठावावं.

एके दिवशी सकाळी नळाला पाणी आलं नाही. पिंपात तळाशी होतं तेवढं दगाने माझ्यात भरलं आणि आत गेला. ते पाणी पुरलं नाही. दगा बाहेर आला आणि दार ओढून त्याला पाठ लावून उभा राहिला. त्याला पाणी येईपर्यंत तिथेच थांबायचं होतं.

तेवढ्यात योगिता आली. कडेवर लेक, लेकीचं दुपटं भरलेलं. तिला ते आत झटकायचं होतं.

"आबा, सरका ना जरा."

"थांब. पाणी नई शे."

"मला पाणी नको. नुसतं दुपटं झटकायचंय."

"सांगितलं ना, थांब!"

दगा सुनेवर कधी ओरडला नव्हता. लेक दचकून रडायला लागली. दगाने नातीकडे हात केला आणि तो दारापासून जरासा हलला. दार आपोआप उघडलं. योगिताला आतलं दिसलं.

सासऱ्यासमोर सून असलं बोलत नसते. ती लेकीला घेऊन घरात गेली. दुपटं न झटकता तसंच तिच्या हातात राहिलं.

जेवायला सगळे बसले. दिवसपाळी असल्याने धर्मेंद्र घरी नव्हता. हिलाल आला होता. योगिता भाकरी वाढता वाढता थांबली आणि एकदम म्हणाली, "आई, आबांच्या शीमध्ये रक्त आहे. खूप आहे."

मालतीबाईंच्या हातातला पळा वाटीवर आपटला. "तुले लाज नई वाटस का? ससरानं असं बोलस? तेबी जेवताना?"

"हिची शी मी रोज बघते, आई," योगिताने लेकीकडे बोट केलं. "परवा जरा हिरवी झाली तर तुम्हीच मला दवाखान्यात पिटाळलंत. मग आबांची कुणी बघायची?"

"अगं पोरी, मूळव्याध शे ती," हिलाल हसत म्हणाला. "अंगठी काम करी राहिनी. माणूस काय लूम आहे, बटण दाबलं की थांबला?"

"काका, अंगठी बोटात आहे. रक्त कुठून येतंय ते तिला कसं दिसणार?"

दगा ताटाकडे बघत म्हणाला, "मले काही नई व्हयेल शे. जेवा गुमान."

तेव्हा योगिताने लेकीला उचललं आणि सासऱ्याच्या मांडीवर ठेवलं. "मग हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगा, आबा. काही नाही म्हणून सांगा. मी पुन्हा विषय काढणार नाही."

लेक आजोबांच्या ताटातली भाकरी ओढायला लागली. सगळे दगाच्या हाताकडे बघत होते. अंगठी घातलेला तो हात त्याच्या गुडघ्यावर होता. तो वर उठलाच नाही.

मालतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी दगा दवाखान्यात गेला, आणि मग मोठ्या सरकारी दवाखान्यात भरती झाला. तिथे प्रत्येकाने आपली बादली, आपलं टमरेल न्यायचं असतं. म्हणून मीही गेलो. आयुष्यात पहिल्यांदा डिंडोलीच्या बाहेर पडलो, आणि एका लोखंडी खाटेखाली जाऊन बसलो.

शेजारच्या खाटेखाली एक निळा मग होता. तो शुभमचा. शुभम विदर्भाचा, इमारतींवर सेंटरिंगचं काम करायचा. वय ऐन तिशीचं. त्याची बायको छाया त्याचे पाय चेपत बसलेली असे. "वय लहान होतं ना जी, म्हणून आम्ही काही मनावरच घेतलं नाही," ती मालतीबाईंना सांगायची. "अशक्तपणा आहे म्हणे. टॉनिकच्या बाटल्या संपवल्या नुसत्या." शुभमचा रोग आतड्यातून यकृतात गेला होता.

दुर्बीण घालून दगाची तपासणी झाली. आतड्याचा कॅन्सर निघाला, शुभमला होता तोच. सकाळी डॉक्टरबाई शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन खाटेशी आल्या. त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असं झालं होतं?"

"सासरे पोट फुगून गेले," मालतीबाई म्हणाल्या. "गावात म्हणाले, आग पडली होती. तपासलं कोणी?"

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि शिकाऊ पोरांकडे वळल्या. "श्रीमंत देशांत हा रोग आपल्यापेक्षा जास्त लोकांना होतो. पण तिथे त्रास नसतानाही एका वयानंतर तपासतात, वेळेत काढतात. म्हणून तिथे याने मरणारे कमी होत चालले आहेत. आपल्याकडे हा रोग कमी जणांना होतो, पण ज्यांना होतो त्यांतले फार जण जातात. आधी मूळव्याध म्हणतात, मग उष्णता म्हणतात, मग गावाला जाऊन येतात. आमच्याकडे सगळ्यात शेवटी."

"मॅडम, आपल्या देशात सगळीकडे सारखंच आहे?" एका मुलीने विचारलं.

"नाही. कुठे जास्त, कुठे कमी. आणि कित्येक ठिकाणी कुणी नोंदच करत नाही. यांचे वडील कुठल्या आकड्यात असतील? कुठल्याच नाही." मग शुभमच्या खाटेकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "आणि हा फक्त म्हाताऱ्यांचा रोग, असं तर अजिबात समजू नका. तिकडे आणि इकडे, दोन्हीकडे तरुण पेशंट वाढताना दिसतायत."



दगाचं ऑपरेशन झालं. तो अजून औषधाच्या गुंगीत असताना एका सकाळी शेजारची खाट रिकामी दिसली. छाया नव्हती. गादी गुंडाळलेली होती. निळा मग मात्र तिथेच होता. झाडणाऱ्या बाईने तो उचलून कुणाचा म्हणून गुजरातीत विचारलं, "आ कोनो छे?" मालतीबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि पायाने मला खाटेखाली आणखी आत सरकवलं.

दगा वाचला. रोग आतड्याच्या बाहेर पडायला लागला होता, पण यकृतापर्यंत गेला नव्हता. काही महिने त्याच्या पोटावर शी गोळा व्हायची पिशवी होती. ती धुवायला मीच लागायचो. सुरुवातीला मालतीबाई डोळे मिटून पाणी ओतत. नंतर मात्र दगाला म्हणू लागल्या, "हलू नका हो, माझा नेम चुकतो." सलाईनमधून औषधं झाली. केस गेले, परत आले. आता ठरलेल्या मुदतीने त्याला तपासायला जावं लागतं. त्या दिवशी रिपोर्ट हातात येईपर्यंत या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. बापाला आणि भावाला झालं असेल, तर हिलालनेही दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

हिलालने ते ऐकलं आणि त्याची थट्टा-मस्करी बंद पडली. आज शेठ सुट्टी देत नाही, उद्या पाहुणे येणार आहेत, अशी त्याची कारणं चालू झाली. शेवटी मालतीबाई त्याच्या दारात उभ्या राहिल्या. "भाऊजी, जातस का मी येऊ लाटणं लिसन?"

आज तो तयार झाला आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं. दुपारपासून हिलालच्या फेऱ्या चालू आहेत. लाल मग त्याला पुरेना, म्हणून त्याने मला उचललं. आम्ही दोघं आत आहोत. बाहेर योगिता लेकीला कडेवर घेऊन उभी आहे.

"काका, रंग सांगा."

"अगं, काय तमाशा मांडला शे! चाळ ऐकी राहिनी."

"ऐकू दे. रंग?"

आत त्याने वाकून खाली बघितलं. मग हिलाल बारीक आवाजात म्हणाला, "पिवळा."

"लाल कुठे?"

"नई."

"नीट बघा, काका. घाई करू नका."

"नीट बघितलं, माय. पाण्यासारखं पिवळं शे. लाल नई."

ओट्यावर खुर्ची टाकून दगा बसला होता. त्याने डोळे मिटले. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "नई ना? बरं झालं हो, हिलालभाऊ!" आणि आत हिलालला हसू आलं की रडू, ते मला एकट्याला ठाऊक आहे.

पण डोळ्यांना दिसलं नाही म्हणजे आत काही नाही, असं नसतं. खरं काय ते उद्या दुर्बीण सांगेल. तोवर मी घाबरलेलाच राहणार.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ असेल, पत्र्याचा नाहीतर प्लॅस्टिकचा. त्याला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. आजीआजोबांना, आईबाबांना, काकांना विचारायला लाजू नका. स्वतःचं सांगायलाही लाजू नका. पुष्कळदा ती साधी मूळव्याधच निघते. पण ते डॉक्टरांनी तपासून सांगू दे.

तेवढं माझं ऐका. आधी खाली बघा. मग पाणी ओता.