किरकोळ फरक

आमच्या काकांना ईसीजी वाचता येत नाही. अक्षरं येतात. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात यंत्र आपला निकाल छापून देतं, त्यावर त्यांचा दवाखाना इतकी वर्षं चालला.

बाबांच्या कागदावर ‘नॉर्मल व्हेरियंट’ छापलं होतं. “किरकोळ फरक आहे,” काका म्हणाले होते. “प्रत्येक हृदयाची आपली एक चाल असते.” बाबांना ते वाक्य इतकं आवडलं, की घरी येऊन त्यांनी ते सगळ्यांना ऐकवलं. आठवडाभरात ते गेले.

आता आईला जिना चढताना धाप लागते. तरी हट्ट काकांकडेच जायचा. “घरचा डॉक्टर असताना परक्याच्या दारात कशाला?”

काकांच्या टेबलावरच्या काचेखाली त्यांच्याच सत्कारांचे फोटो आहेत, पेशंटच्या बाजूने सुलट दिसतील असे लावलेले. त्यांनी आईचा ईसीजी काढला आणि वरच्या ओळीपुरता पाहिला.

“नॉर्मल व्हेरियंट. किरकोळ फरक आहे, वहिनी. वयाप्रमाणे चालायचंच.”

“कशापेक्षा फरक?” मी विचारलं.

“झालं! मेडिकलचा पुस्तकी किडा बोलला.”

आई सवयीने हसली. मी तिचा मागच्या वर्षीचा ईसीजी शेजारी ठेवला. तेव्हा प्रत्येक उंच टोकामागून एक बुटकी टेकडी येत होती. आता त्याच जागी खळगे होते. असे खळगे एखाद्याच्या आलेखात कायमचेच असतात, त्याने काही बिघडत नाही. नवे असतील तर मात्र शोध घ्यावा लागतो. जुने की नवे, हे जुना कागद पाहिल्याशिवाय कळत नाही. बाबांचा जुना कागद कपाटात होता. तो कुणी मागितलाच नाही.

मी छापील ओळीवर अंगठा ठेवला. “आता वाचा, काका.”

“हात काढ. नीट दिसत नाही.”

“आलेख सगळा दिसतोय. फक्त अक्षरं झाकलीत.”

त्यांनी चष्मा पुसला. दिवा लावला.

“वाचा ना, भाऊजी,” आई हळूच म्हणाली.

“मशीन खोटं बोलेल का, वहिनी?”

आईने दोन्ही कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. नेहमीसारखं ‘येते, भाऊजी’ म्हणेल, असं मला वाटलं.

“जाते, डॉक्टर,” ती म्हणाली.

जिन्यात तिने माझा दंड धरला. “मोठ्या इस्पितळात आजच बघतील ना गं?”