किसका है

शॉर्टवेव्ह, २५ मीटर

टावर चौकातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेंदालालजींनी आमचा जुना वॉल्व्हचा रेडिओ उलटा केला आणि विचारलं, "किसका है?"

"आईचा," मी म्हटलं.

"अरे मृण्मयीजी, कंपनी किसकी? कंपनी मिले तो नक्शा मिले. नक्शे के बिना मैं हाथ नहीं लगाता."

३१ मीटर

कंपनीचं नाव कुठेच नव्हतं, मग आतल्या तारांचा नकाशा कुठून मिळणार. आई गेल्यापासून बाबा रोज या मुक्या खोक्यासमोर खुर्ची ओढून बसतात. "लागला की ती बोलेल," म्हणतात. कंपनी विचारली की एकच उत्तर: "विजयाचा." विजया म्हणजे आई. मालकी कोण विचारतंय, असं मला वाटायचं.

४१ मीटर

मागचा पुठ्ठा निघाला. आतल्या तारा रंगीत दोऱ्यांनी बांधल्या होत्या.

"टाँके घर के हैं," गेंदालालजी म्हणाले. त्यांना तारांचं सोल्डरिंग म्हणायचं होतं, कारखान्यातलं नाही, घरी केलेलं. मला दोऱ्याचे टाके दिसले. साखळी टाका, शेवटी उलटी गाठ. माझ्या लहानपणीच्या परकरावर हीच गाठ होती.

"आईचा," मी पुन्हा म्हटलं.

त्यांनी लाल दोऱ्यावरून बोट टोकापर्यंत नेलं, मग हिरव्यावरून. "नक्शा तो यहीं है." सुटलेली तार त्यांनी जोडली आणि पावतीवर कंपनीपुढे लिहिलं: विजया.

वॉल्व्ह संथपणे तांबूस झाले. खरखर सुरू झाली. मी बाबांना फोन लावून रेडिओजवळ धरला.

"हां," बाबा म्हणाले, "तीच."